रस्त्यावर झुकलेला शिरीष

नाशिक रोड
२ एप्रिल २०२५

सविता,

संपादकीयांची कात्रणं पाकिटात वरती ठेवली आहेत. तुझ्या मामांनी पाकीट उघडलं तर आधी तीच हातात यावीत. पत्र त्यांच्याखाली आहे. तू म्हणालीस, मुख्य परीक्षा होईपर्यंत मोबाईल कपाटात, काही सांगायचं असेल तर लिही. मी दिवसभर लोकांच्या मोबाईलला काच आणि कव्हर बसवून देतो, आणि जिच्याशी बोलायचं तिच्याचकडे मोबाईल नाही. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही.

बाकी ठीक. हजेरीवरून क्लार्कची कॉलर धरून कॉलेज सोडलं त्याला वर्ष झालं. आई रोज जेवताना आठवण करून देते, म्हणजे विसरायला नको. मोबाईलची हातगाडी अजून तुमच्या कंपाउंडबाहेर, शिरीषाच्या सावलीत लावतो. उन्हात काचेचा गम पातळ होतो, त्यामुळे दुसरीकडे जमतच नाही.

त्या शिरीषाचंच सांगायचं आहे. त्याच्याविरुद्ध मी महापालिकेच्या ऑफिसात अर्ज दिला होता. दचकू नकोस. झाड तुमच्या कंपाउंडमधलं असलं तरी अर्धं रस्त्यावर झुकलंय. खालून बालवाडीची पोरं जातात, रिक्षा उभ्या असतात. असं झाड धोक्याचं असेल तर जागा खाजगी असली तरी मालकाला ते काढायला लावायचा अधिकार ऑफिसला आहे. मालकाने नाही काढलं तर ते स्वतः काढतात आणि खर्च मालकाच्या नावावर लावतात. हे मला आधी ठाऊक नव्हतं.

काल नोटीस आली. तुझे पप्पा, म्हणजे अख्ख्या कॉलनीचे नाना, ती हातात घेऊन गेटवर उभे राहिले आणि येईल-जाईल त्याला वाचून दाखवत होते. समोरच्या सखुबाई म्हणाल्या, "कोण मेला गेला होता कळवायला?" नाना म्हणाले, "ज्याला लोकांच्या जिवाची काळजी असेल तो." आणि माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षी याच माणसाने मला गेटच्या बाहेर काढलं होतं. काल त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी जास्त काही म्हणत नाही. तू हुशार आहेस.

अभ्यास कर. उत्तर छोटं असलं तरी चालेल, पण पाठव.

धनराज


देवळा
९ एप्रिल २०२५

धनराज,

कात्रणं मिळाली. दोन आधीच वाचलेली होती. मामा पाकिटं उघडत नाहीत, त्यांना कांद्याच्या भावापुढे वेळ नसतो. मी कांद्याच्या चाळीच्या वरच्या खोलीत बसते. खाली कांदा, वर मी. मामी म्हणते, दोघंही भाव येईपर्यंत ठेवलेले.

झाडाचं वाचून वाईट वाटलं, पण लोकांना धोका असेल तर तू अर्ज दिलास ते बरोबर केलंस. मी त्या झाडाच्या सावलीत बसून बारावीचा अभ्यास केला. गॅलरीत मे महिन्यातही पंखा लागायचा नाही. पण गॅलरीत गार वाटतं म्हणून खालच्या मुलांच्या डोक्यावर ते ठेवायचं, असं मी म्हणणार नाही.

फक्त मला सांग, तू काय बघितलंस? खोडाला चीर आहे का? मुळं उघडी पडली आहेत का? आधीपेक्षा जास्त झुकलंय का? मागच्या दिवाळीला मी आले होते तेव्हा मला काही दिसलं नव्हतं. कदाचित तेव्हा मी नीट बघितलं नसेल. तू रोज खाली उभा असतोस, तुला जास्त कळणार.

आणि पप्पा नोटीस वाचून दाखवत होते, हे जरा विचित्र वाटतंय. ते लाइटबिलसुद्धा कुणाला दाखवत नाहीत.

सविता


नाशिक रोड
१४ एप्रिल २०२५

सविता,

तुझं पत्र वाचलं. खोटं लिहायचं ठरवलं होतं, चीर आहे, मुळं सुटलीत वगैरे. एक पान लिहून पण झालं. मग फाडलं. तू परत विचारणार, चीर कुठल्या बाजूला, आणि मी अडकणार.

मी काही बघितलं नाही. झाड मला आहे तसंच दिसतं. मला नानांनी सांगितलं.

मार्चमध्ये एके दिवशी दुपारी ते स्वतःहून गाडीपाशी आले. गाडी लावल्यापासून पहिल्यांदा. मोबाईलला काच बसवून घेतली, वर म्हणाले, "बस की जरा, उभा काय राहतोस." माझ्याच स्टुलावर मला बसवलं. मग म्हणाले, "प्रेसमधून रिटायर झालो, आता घरात बसून काय करू? पुढे दोन गाळे काढायचे म्हणतोय. पण हे झाड मध्ये येतं."

मी म्हटलं, "मग तोडा की नाना. तुमचंच आहे."

"तसं नसतं रे. परवानगी लागते. चांगल्या झाडाला देत नाहीत. आणि दिली तरी ही सखुबाई जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडणार. पण रस्त्याला धोका आहे असं बाहेरच्या कुणी लिहून दिलं, तर ऑफिसच मला काढायला लावील. मग माझा काय इलाज?"

मी म्हटलं, "कोण लिहून देणार?"

तर म्हणाले, "तू आहेस ना. तू काय परका आहेस का, घरचाच आहेस."

सविता, हा शब्द त्यांनी वापरला. घरचा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मी म्हटलं, "नाना, माझं पण एक काम आहे तुमच्याकडे." ते म्हणाले, "माहिती आहे मला. बघू. आधी हे होऊ दे." आता तू सांग, मी काय करायला पाहिजे होतं? एखाद्याने वर्षभर बंद ठेवलेला दरवाजा उघडला तर तिथं उभं राहून चिरा मोजायच्या का?

मी घरी जाऊन अर्ज लिहिला. जरा जोरात लिहिला. 'कोणत्याही क्षणी कोसळू शकते' असं लिहिलं. साहेब येऊन रस्त्यावरून बघून गेले. झाड झुकलेलं तर आहेच, मग नोटीस निघाली.

एका झाडापायी आपलं दोघांचं जमत असेल तर मला झाड महाग वाटत नाही. हे मी शांत डोक्याने लिहितोय.

धनराज


देवळा
१९ एप्रिल २०२५

धनराज,

नोटिशीवर हरकत घेता येते. मी घेतली आहे. त्या घरात राहणारी व्यक्ती म्हणून स्पीड पोस्टाने आज पाठवली. नुसतं रस्त्यावरून बघून ठरवू नये, खोडाची नीट तपासणी करावी आणि फांद्या छाटून भागत असेल तर झाड ठेवावं, एवढंच मागितलं आहे. तुझं नाव किंवा पप्पांचं बोलणं त्यात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. दोन तास बसले आणि लिहिलं नाही.

तू तुझा अर्ज मागे घेशील असं मला वाटत नाही आणि घेऊन उपयोगही नाही. धोका आहे असं एकदा कुणी कळवल्यावर त्यांना तपासावंच लागतं. तक्रारदाराचं आणि मालकाचं आपसात मिटलं म्हणून ते फाईल बंद करत नाहीत.

'आपलं दोघांचं जमत असेल' असं तू लिहिलंस. ते मी पुन्हा वाचलं. त्यावर आता काही लिहीत नाही. मला सराव पेपर सोडवायचे आहेत.

कात्रणं पाठवू नकोस. इथे वाचनालय आहे.

सविता


नाशिक रोड
३ मे २०२५

सविता,

तुला राग आहे हे मला समजलं. मलाही आला होता. तुझ्या हरकतीची प्रत नानांना आली तेव्हा त्यांनी ती उभ्यानेच वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग तुझ्या आईला, वत्सलाकाकूंना म्हणाले, "शिकव अजून पोरीला." काकू आतून म्हणाल्या, "मी कुठे शिकवलं, तुम्हीच फॉर्म भरलात." मी गाडीवर होतो, सगळं ऐकू येतं.

पण आजचं आधी सांगतो. सकाळी परत तपासणी झाली. या वेळी वृक्ष अधिकारी बाई स्वतः आल्या. सोबत दोन माणसं, शिडी, लाकडी हातोडा आणि एक बारीक ड्रिल. तुझं पत्र फाईलला लावलेलं होतं. बाई म्हणाल्या, "हरकत घेणारे कोण?" काकू म्हणाल्या, "मुलगी आहे, मामाकडे परीक्षेचा अभ्यास करतेय." "आणि तक्रारदार?" मी पुढे झालो. सगळी कॉलनी माझ्याकडे बघायला लागली. सखुबाई म्हणाल्या, "हा? अरे, सावलीत बसून पोट भरतोस ना याच्या?" उत्तर द्यायचं होतं. मुठी वळल्या होत्या माझ्या. पण नानांनी हळूच मान हलवली, मग मागे सरलो.

बाईंनी खोडावर खालून वर ठोकत नेलं. कंपाउंडच्या बाजूने आवाज भरीव येत होता. मग शिडी लावून मोठी फांदी फुटते तिथे ठोकलं, तर डब्यासारखा आवाज आला. ड्रिल घातलं, ते थोडंसं अडलं आणि मग सरळ आत गेलं. बाहेर काढलं तर टोकाला ओला तपकिरी भुसा. तीन ठिकाणी तेच. आतून सगळं सडलंय. वरून हिरवंगार. बाई म्हणाल्या, "छाटून भागणार नाही. पावसाच्या आत काढा. तोपर्यंत खाली कुणी थांबू नका, ही गाडी पण हलवा."

मी नानांकडे बघितलं. मला वाटलं खूश होतील, त्यांना हेच पाहिजे होतं. पण त्यांचा चेहरा उतरला होता. ती फांदी त्यांच्या बेडरूमच्या पत्र्यावरून जाते. ते म्हणाले, "म्हणजे हे माझ्या डोक्यावर होतं इतकी वर्षं?" आणि पायरीवर बसले. काकूंनी पाणी दिलं.

जाताना बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं? बाहेरून तर काहीच दिसत नाही." मी म्हटलं, "रोज बघतो ना मॅडम." त्या म्हणाल्या, "लोक रोज बघतात, पण कळवत नाहीत." सखुबाई तिथेच होत्या. त्यानंतर त्यांनी मला चहा पाठवला.

मग आता सांग. माझा अर्ज खोटा होता का?

धनराज


देवळा
८ मे २०२५

धनराज,

आईने मामांच्या फोनवर सांगितलं होतं, तुझ्या पत्रातून नीट कळलं. हरकत मागे घेतल्याचं आजच कळवलं आहे. झाड काढलंच पाहिजे.

तू विचारलंस म्हणून लिहिते. हो, खोटा होता. झाड पोकळ निघालं हा योगायोग. भरीव निघालं असतं तरी तू तोच अर्ज दिला असतास.

मॅडमना तू जे सांगितलंस, ते मला लिहिताना तुला काही वाटलं नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

सविता


नाशिक रोड
२५ मे २०२५

सविता,

बरेच दिवस लिहिलं नाही. तुझं शेवटचं पत्र वाचून तीन-चार उत्तरं डोक्यात आली होती. कुठलंच कागदावर उतरवण्यासारखं नव्हतं.

काल झाड काढलं. झाडं कापणारे मशीनवाले अब्बासभाई जेल रोडकडून आले होते, पाच माणसं, दोरखंड आणि दोन मशीन घेऊन. रस्ता दोन्हीकडून बंद केला होता. बालवाडीला तशीही सुट्टी आहे. सगळी कॉलनी गच्चीवर. सुरू करायच्या आधी नाना म्हणाले, "थांबा, आमच्याकडे एक पद्धत आहे." काकूंनी खोडाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि नानांनी आतून जुनी कुऱ्हाड आणली. अब्बासभाई म्हणाले, "नाना, हे मशीनचं काम. कुऱ्हाडीने कशाला?" नाना म्हणाले, "पहिला घाव कुऱ्हाडीचाच लागतो. मग तुम्ही काय पाहिजे ते करा."

मला वाटलं ते स्वतः मारतील. त्यांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

सगळ्यांसमोर. म्हणाले, "धनराज, तू घाल." मी काकूंकडे बघितलं, त्या खाली बघत होत्या. मी मारला. फार लागला नाही, साल निघाली नुसती, पण तेवढं पुरे होतं म्हणे. मग नानांनी मला पाटावर उभं केलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला. टिळा लावला. सविता, तुला सांगतो, टोपी घालताना त्यांचा हात थरथरत होता. माझ्या मावसभावाची सुपारी फुटली तेव्हा त्याच्या सासऱ्याने अगदी असंच केलं होतं. टॉवेल, टोपी, नारळ, टिळा. फक्त तिथे पावणे जास्त होते.

मी नानांच्या पाया पडलो. ते "असू दे, असू दे" म्हणाले.

त्यानंतर दिवसभर मशीन चालू होतं. संध्याकाळपर्यंत नुसता बुंधा राहिला. मधोमध एवढी पोकळी, की त्यात अब्बासभाईंचं एक पोरगं उभं राहून फोटो काढून घेत होतं. तुमच्या गॅलरीत आता सगळं ऊन येतं.

आईला सगळं सांगितलं. तिने थोडं गोड वाटलं. कशाचं, ते इथे लिहीत नाही, समोर आलीस की बोलू. परीक्षेच्या आधी तुझ्या डोक्याला दुसरं काही नको. मी थांबू शकतो. आता तर नक्कीच थांबू शकतो.

तुझा
धनराज


देवळा
१ जून २०२५

धनराज,

माझी सुपारी फुटल्याचं मला कांदा मार्केटमधून कळलं. नाशिक रोडचे कुणी व्यापारी माल बघायला आले होते, त्यांनी मामांचं अभिनंदन केलं. मामा वर आले आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, "आम्हाला सांगायचं होतं, आम्ही काय नको म्हणणार होतो?" मी पुस्तक उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत होते. मामी रडली. तिला वाटलं, मी तिच्यापासून लपवलं. तिची समजूत काढण्यात माझा दिवस गेला.

तुझ्या आईने थोडं गोड वाटलं नाही. तीन किलो पेढे वाटले, आमच्या कॉलनीत, तुमच्या गल्लीत आणि रिक्षा स्टँडवर. हे मला आईकडून कळलं. तिच्याही हातात एक पेढा ठेवला होता, आणि कशाचा, असं विचारायची तिला लाज वाटली.

आता टॉवेल-टोपीचं. पप्पांना तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगते. आमच्या गावाकडे जितं झाड तोडायचं असेल तर पहिला घाव घरच्या माणसाने घालायचा नसतो. त्याचा दोष घराला लागतो. म्हणून बाहेरच्या माणसाला बोलावतात, त्याच्या हातून घाव घालून घेतात, आणि टॉवेल, टोपी, नारळ देऊन त्याला वाटेला लावतात. दोष त्याच्याबरोबर जातो, असं समजतात. माझे आजोबा आंब्यासाठी दुसऱ्या गावचा माणूस आणायचे, गावातलासुद्धा चालायचा नाही. हात थरथरत होता तो त्यासाठी. पप्पांना या गोष्टीची भीती वाटते, ते कबूल करणार नाहीत.

म्हणजे कुऱ्हाड तुला दिली ती तू घरचा म्हणून नाही. तू घरचा नाहीस म्हणून दिली.

हे लिहिताना मला तुझी दया येतेय आणि रागही येतोय. पप्पांनी तुला वापरलं, हे खरं आहे, आणि मी त्यांना ते फोनवर सांगितलं. पण पप्पा काय म्हणाले, आईने काय वाटलं, कुणी टोपी घातली, यात मी कुठे आहे? इतकी पत्रं लिहिलीस. एकातही मला विचारलेलं नाहीस.

सविता


नाशिक रोड
५ जून २०२५

सविता,

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी मी नानांकडे गेलो. टोपी आणि टॉवेल घेऊन. नारळ आईने वडीत घातला होता, म्हणून नवा घेतला. गेटवर उभं राहून विचारलं, "नाना, हे कशाचं दिलं होतं?"

ते म्हणाले, "घावाचं. दुसरं कशाचं?"

"मला 'घरचा' म्हणाला होतात."

"अरे, बोलण्यात माणूस म्हणतो. दूधवाल्याला पण म्हणतो मी."

मी टॉवेल त्यांच्या गेटला बांधला आणि गेटला लाथ मारली. गेटला काही झालं नाही, माझ्या अंगठ्याचं नख गेलं. काकू बाहेर आल्या, म्हणाल्या, "बाबा, परत नको देऊस ते, परत घेत नसतात." नानांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना माझी भीती नव्हती, टॉवेलची होती. मग मी तो सोडला आणि घेऊन आलो. कुणाला एवढं घाबरवायची माझी इच्छा नव्हती.

तुझं बरोबर आहे. मी विचारलं नाही. मला वाटायचं, विचारायचं असतं ते तुझ्या घरच्यांना. तुझं तर मला माहीतच आहे. कशावरून माहीत आहे, ते आता आठवून बघतोय, तर एकही गोष्ट नीट सापडत नाही. दुसऱ्या वर्षाला असताना तू मला नोट्स दिल्या होत्यास. कॉलर धरली त्या दिवशी कुणी बोललं नाही माझ्याशी, तू बोललीस. लिही, असं म्हणालीस. यावर मी सगळं बांधलं.

तर विचारतो. माझ्याशी लग्न करशील का? आत्ता नाही, तुझी परीक्षा, नोकरी, सगळं झाल्यावर. नानांचं काय म्हणणं आहे, आईचं काय आहे, हे मी यात धरलेलं नाही.

धनराज


देवळा
१२ जून २०२५

धनराज,

विचारलंस ते बरं केलंस. नाही.

'बघू' नाही, 'सध्या नाही' नाही. नाही. तू 'बघू'चं काय करतोस ते मी पाहिलं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

तू मार्चमध्ये विचारलं असतंस तर मी काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत आहे. मी ते इथे लिहिणार नाही. त्याचा आता तुलाही उपयोग नाही आणि मलाही. एप्रिल ते जूनमध्ये मी तुला जेवढं ओळखलं तेवढं कॉलेजच्या दोन वर्षांत ओळखलं नव्हतं. तू वाईट नाहीस. पण तुला जे हवं असतं ते तुला आधी दिसतं, आणि मग तेच खरं आहे असं तू लिहून देतोस. झाड प्रत्येक वेळी आतून पोकळ निघेलच असं नाही. उद्या मी ऑफिसर झाले आणि तुझ्यासारखा अर्ज माझ्या टेबलावर आला, तर मी काय करीन याचा विचार करत होते. तपासणी करीन. घरात मला ते करायचं नाही.

मामांना आणि मामीला मी सगळं सांगितलं आहे. पप्पांनाही सांगीन. तुझ्या आईला तूच सांग, आणि माझ्यावर ढकलायचं असेल तर ढकल, माझी हरकत नाही.

अंगठ्याला हळद लाव. उघडं ठेवू नकोस.

सविता


२२ जून २०२५

सविता,

तुझं पत्र मिळालं. उत्तर समजलं. याआधी दोन कागद लिहिले, एकात भांडलो होतो आणि एकात रडलो होतो. दोन्ही फाडले. हा तिसरा.

आईला सांगितलं. तुझ्यावर ढकललं नाही. ती म्हणाली, "लोकांनी विचारलं तर काय सांगू, पेढे कशाचे होते?" मी म्हटलं, धोक्याचं झाड पाडल्याचे. ती म्हणाली, "लय झालं, तू आता बोलूच नको." पण सखुबाईंना तिने तेच सांगितलं. त्यांना पटलं. त्या म्हणाल्या, पोराने कॉलनीतली लेकरं वाचवली, एवढं तर हवंच. आता त्या ओळखीच्या सगळ्यांना तसंच सांगत फिरतात. मी अडवायला गेलो होतो. त्या ऐकत नाहीत.

वृक्ष अधिकारी मॅडमकडे जाऊन आलो. सांगितलं, की मी झाडात काही बघितलं नव्हतं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलं होतं. कुणाच्या, ते सांगितलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "पुढच्या वेळी बघून लिहा." आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. मला वाटलं होतं, काहीतरी शिक्षा होईल. झाली असती तर बरं वाटलं असतं.

नानांच्या गाळ्यांचं काम सुरू झालं. पाया खणताना बुंध्याची मुळं लागली, ती काढायला अजून एक मशीन आणलंय. त्यांनी मला बोलावून सांगितलं, गाळ्यांपुढे गाडी नको, गिऱ्हाईकाला अडचण होईल. नीट बोलले. मीही नीट बोललो. तसंही तिथे आता उन्हात उभं राहता येत नाही, काच बसवली की सरकते.

तर गाडी दुसरीकडे नेली आहे. चांगली जागा आहे, वर पत्रा आहे. पत्राच्या वर उजवीकडे जागेचं नाव लिहायची सवय लागली होती, या वेळी ते लिहिलेलं नाही. तुझा स्वभाव मला आता थोडा कळतो. आमचं घर तुला माहीत आहे, पण पत्ता समोर लिहिलेला दिसला तर उत्तर द्यायलाच हवं, असं तुला वाटेल, आणि तू अभ्यास सोडून लिहीत बसशील.

धनराज